शपथेला एक दिवस कमी

माझं नाक आमच्या सान मिगेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कोणाच्या घरचं पुल्के, आमची घायपातीची दारू, जास्त आंबलंय, कोणी कालच्यात आजचं मिसळलंय, कोणी गुपचूप पाणी घातलंय, हे मी दारातून सांगते. चाळीस वर्षं घायपातीच्या रसात हात घातलेत, नाक तयार होणारच. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, पदरात एक भाऊ राहिला, ओदिलोन. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा शेंबडा होता. मी वाढवला, त्यामुळे त्याला वाटेल ते बोलायचा हक्क माझाच, असं मी धरून चालले होते.

ओदिलोनचं काम घायपातीचं. सकाळ-संध्याकाळ शेतात जायचं, झाडाच्या पोटात कोरलेल्या खळग्यात साठलेला रस लांबट भोपळ्याच्या नळीने तोंडाने ओढायचा, बुधल्यात सोडायचा आणि खळगा पुन्हा खरवडून ठेवायचा. ताजा रस गोड असतो, लेकरांनाही देतात. तोच आंबवणाच्या पिंपात मुरला की पुल्के होतं. आमच्याकडे पाटाला राजधानीच्या गटाराचं पाणी येतं, ते कोण पिणार? म्हणून जुनी माणसं तहानेलाही पुल्केच प्यायची. ओदिलोन चौदाव्या वर्षापासून पीत होता. बायको कंटाळून उत्तरेला कामाला गेली ती परत आली नाही, मग तर त्याला विचारणारं कोणी उरलं नाही. मी होते, पण मी नुसती ओरडायची.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्याचं पोट फुगलं. हातपाय काड्या आणि पोट पिंपासारखं. डोळे पिवळे. अंगणात आंघोळीला बसला तेव्हा मी पाहिलं, बेंबीभोवती निळ्या शिरा उठल्या होत्या, गांडुळांएवढ्या जाड, चहूकडे पसरलेल्या. मला वाटलं बुधले उचलून उचलून आत काही सरकलंय. मी त्याला कापडाचा पट्टा करकचून बांधला. आठ दिवस बांधत होते.

आमच्या दवाखान्यात तेव्हा वर्षभरासाठी आब्रिल नावाची डॉक्टरीण आली होती, अगदी पोरसवदा. तिने पट्टा कात्रीने कापला आणि मला विचारलं, "हे कोणाचं डोकं?"

"माझं," मी म्हटलं. "दुसरं कोणाचं असणार?"

ती हसली नाही. बोटाने त्याच्या पोटावरची एक शीर दाबून बघितली. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या वावराला पाणी कसं येतं?"

"मोठ्या पाटातून. मग चारीने."

"आतड्यांतलं सगळं रक्त असंच एका मोठ्या पाटाने यकृताकडे जातं. यकृत म्हणजे वावर. ह्यांचं वावर दारूने दगड झालंय, त्यात काही जिरतच नाही. मग पाट मागे तुंबतो. तुंबलेलं पाणी काय करतं?"

"बांध फोडतं," ओदिलोन म्हणाला. त्याला पाटाचं सगळं कळायचं. "नाहीतर आजूबाजूच्या बारक्या चाऱ्यांत घुसतं."

"तेच झालंय. पोटावर दिसतात त्या ह्या बारक्या चाऱ्या. त्यांची मला भीती नाही. पण अन्ननळीच्या आतून अशाच चाऱ्या फुगल्यात, आणि त्यांचं अस्तर फार पातळ असतं. एवढं पाणी वाहायला त्या केलेल्याच नाहीत." मग तिने माझ्याकडे वळून बघितलं. "रक्ताची उलटी झाली, किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, की त्याच घटकेला मोठ्या इस्पितळात. कपडे बदलत बसायचं नाही. समजलं, मावशी?"

"समजलं," मी म्हटलं.

"दारू सोडली तरी फुटेल का?" ओदिलोनने विचारलं.

"सोडलीत तर शक्यता पुष्कळ कमी होईल. पण फुटू शकते."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण मनाने धरून ठेवलं नाही. माझ्या मनाने एवढंच धरलं की प्यायला तर रक्त येईल, नाही प्यायला तर नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पुढे वसंतात मोठ्या इस्पितळात घशातून नळी घालून त्या फुगलेल्या शिरांना रबराच्या कड्याही घातल्या, पुढच्या खेपेची तारीख ऑक्टोबरातली दिली. पण ह्या सगळ्याच्या आधी, गेल्या वर्षीच्या जत्रेला, आमच्या गावच्या संताच्या, सान मिगेलच्या, मी त्याला हाताला धरून पाद्रीबाबांकडे नेलं आणि शपथ घ्यायला लावली.

आमच्याकडे ही रीत आहे. गुआदालुपे मातेसमोर गुडघे टेकायचे, अमुक दिवस पिणार नाही म्हणायचं, पाद्रीबाबा एक कार्ड देतात. वर मातेचं चित्र, खाली नाव, मुदत आणि साक्षीदार. ते खिशात ठेवायचं. कोणी ग्लास पुढे केला की कार्ड दाखवायचं, मग आग्रह करणाऱ्यालाच पाप. मुदत संपली की साक्षीदाराने पाद्रीबाबांच्या वहीत सही करायची आणि कार्ड परत द्यायचं. लोक पळवाटाही काढतात. ओदिलोनचा मित्र मेलितोन, ह्याने तर शपथ घेतली ती फक्त बिअरची. वर मला म्हणतो, "लिंदाताई, पुल्के ही काय दारू आहे? ते जेवण आहे." मी म्हटलं, "मग तुझं जेवण जरा जास्तच होतंय."

ओदिलोनने पळवाट ठेवली नाही. एक वर्ष, सगळं बंद, पुढच्या सान मिगेलच्या मिसेपर्यंत, म्हणजे जत्रेच्या दिवशीच्या देवळातल्या प्रार्थनेपर्यंत. फक्त विचारलं, "बाबा, नळीने रस ओढताना तोंडात गोड रस जातो. तो चालेल का?" पाद्रीबाबा म्हणाले चालेल, तो आंबलेला नसतो. साक्षीदाराच्या जागी माझं नाव लिहिलं, एर्मेलिंदा.

मी साक्षीदार झाले आणि ते काम डोक्यात घेऊन बसले. रोज संध्याकाळी तो बुधले घेऊन फाटकाशी आला की मी उभी. "हा कर." तो तोंड उघडून माझ्या तोंडावर श्वास सोडायचा, मी वास घ्यायची, मग आत सोडायची. पन्नाशी उलटलेला पुरुष, गल्लीतून माणसं जातायत, आणि बहीण तोंडाचा वास घेतेय. सुरुवातीला तो चिडायचा. "ताई, गाढवाचे दात बघतात तसं काय चालवलंयस?" मी म्हणायची, "गाढव खोटं तरी बोलत नाही." मग त्यालाही सवय झाली. कधी मुद्दाम कांदा खाऊन यायचा आणि अर्धा मिनिटभर हा करायचा. मी शिव्या घालायची, तो हसायचा. वर्षभरात एकदाही वास आला नाही. त्याला कधी शाबास मात्र म्हटलं नाही मी. म्हणणार होते, मुदत संपल्यावर.

जत्रा एकोणतीस सप्टेंबरला. अठ्ठावीसला सकाळपासून मी मोलेसाठी, जत्रेच्या दाट रश्श्यासाठी, मिरच्या भाजत होते. मेलितोन आला, हातात मातीचं मडकं, तोंडावर मक्याचं पान बांधलेलं. निवडुंगाच्या लाल बोंडांचं पुल्के. आमच्या गावात जत्रेला हेच करतात, रंग असा लालभडक की कपड्यावर पडलं तर निघत नाही.

"हे काय घेऊन आलास?" मी विचारलं.

"उद्या मिसा झाली की शपथ सुटली ना त्याची. पहिला घोट माझ्या हातचा."

"त्याच्या यकृतात धोंडे भरलेत, मेलितोन. घोट कसला देतोस?"

"एक घोट, लिंदाताई. वर्षभर माणूस तसाच राहिला. मी मडकं त्याच्याजवळ ठेवतो, त्याचं तो बघेल."

आणि परसात जाऊन, ओदिलोन अवजारं घासत बसला होता तिथे भिंतीशी ठेवून गेला. मी ते मडकं तेव्हाच गटारात ओतायला हवं होतं. पण गिरणीत मका दळायला टाकला होता, रांग लावलेली, मी बादली उचलून निघाले. मनात मात्र तेच घोळत होतं. आजचा दिवस काढेल का हा? एकच दिवस.

गिरणीवर तास गेला. परत आले, बादली ओट्यावर ठेवली आणि परसात डोकावले. ओदिलोन भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. हनुवटी लाल. सदऱ्याची छाती लाल. पुढ्यात मातीवर लाल थारोळं. आणि शेजारी मडकं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसरं काही मनात आलंच नाही. मी तरातरा गेले, मडकं उचललं आणि त्याच्या बाजूच्या भिंतीवर आपटलं. लाल पुल्के सगळीकडे उडालं, त्याच्या केसांवर, विजारीवर, त्या थारोळ्यावर. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. हाताला वजन लागलं होतं मला. पान बांधलेलं होतं तसंच होतं. हे सगळं हाताला, डोळ्याला कळलं होतं आणि मी ते कळून घेतलं नाही.

"एक दिवस राहिला होता रे," मी म्हटलं. "एक दिवस. तेवढाही दम निघाला नाही तुला?"

तो मान हलवत होता. आवाज अगदी बारीक. "ताई, मी नाही घेतली."

"मग हे काय सांडलंय? मातेचं तीर्थ?"

"नाही घेतली गं. हे बघ, हा करतो. वास घे." आणि त्याने भिंतीला हात लावून मान वर केली, तोंड उघडलं.

मी तोंड फिरवलं. वर्षभर रोज मी मागितलं, त्या दिवशी त्याने आपणहून दिलं, आणि मी तोंड फिरवलं. म्हटलं, "नाटकं पुरे. उद्या पाद्रीबाबांना काय ते तूच सांग. मी सही करणार नाही."

आत येऊन मी पाट्यावर मिरच्या वाटायला घेतल्या. मिरच्यांवर राग काढत होते. बाहेरून एकदा "ताई" म्हणाल्याचं ऐकू आलं, मी आणखी जोरात वाटायला लागले. किती वेळ गेला? मिरच्या वाटून झाल्या, तीळ वाटून झाले. अर्धा तास तरी. जास्तच.

मग मला उलटीचा आवाज आला. तो आवाज दारुड्याच्या उलटीचा नव्हता. दारुडा ओकताना कण्हतो, कुथतो. हे तर नुसतं भडभडून पडत होतं, काही जोर न करता. मी बाहेर धावले. तो कुशीवर पडला होता आणि तोंडातून लाल येत होतं, आणि त्या लालात गुठळ्या होत्या. यकृताच्या तुकड्यांसारख्या, काळपट, लिबलिबीत. निवडुंगाच्या बोंडाला गुठळ्या येत नाहीत.

आब्रिलचे शब्द तेव्हा आठवले, सगळे, ते शेवटचं वाक्यसुद्धा. आमचा दवाखाना जत्रेसाठी बंद, आब्रिल घरी गेलेली. मी अनवाणी मेलितोनकडे पळाले. त्याने विचारलंही नाही, गाडी काढली. दोघांनी मिळून ओदिलोनला मागच्या हौद्यात घोंगडीवर घातलं, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मेलितोनच्या पाठची काच उघडीच होती, बोललेलं ऐकू येत होतं. वाटेत मेलितोन म्हणाला, "तीन दिवस काळं होत होतं त्याला. मला म्हणाला होता."

"काळं? आणि मला नाही सांगितलं?"

"मी म्हटलं, ताईला सांग. तो म्हणाला, तिला वाटेल मी लपून पितोय. जत्रा होऊ दे, कार्ड तिच्या हातात देतो, मग सांगतो." जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "आपण मक्यावरची काळी बुरशी खाल्ली होती ना त्या दिवशी भाकरीबरोबर, मला वाटलं तीच असेल. मी पण गाढवच."

ती बुरशी आमच्याकडे भाजीसारखी आवडीने खातात. मी ओदिलोनची हनुवटी हाताने पुसत राहिले.

इस्पितळाच्या दारात जत्रेचे चार-पाच पिऊन पडलेले आधीच बाकांवर होते. टेबलाशी एक नर्स होती. तिने ओदिलोनकडे वाकून बघितलं आणि नाकाला हात लावला. त्याचे केस, विजार, सगळं पुल्केने भिजलेलं, उन्हात वाळून आंबट मारत होतं. "ह्यालाही बाकावर घ्या," ती म्हणाली. "सलाइन लावू. नंबर येईल."

"तो प्यायलेला नाही," मी म्हटलं. "ते रक्त आहे. त्याच्या घशातली शीर फुटलीय."

"मावशी, वास तर इथपर्यंत येतोय."

"तो माझ्यामुळे येतोय. मी मडकं फोडलं त्याच्यावर. वर्षाची शपथ आहे त्याची, हे बघा कार्ड." मी त्याच्या खिशातून कार्ड काढलं. ते भिजून लाल झालं होतं.

तिने कार्ड हातात घेतलं नाही. "आज प्रत्येकाच्या खिशात कार्ड आहे, मावशी."

"तोंडाचा वास घ्या बाई. एकदा वाका. वाका तुम्ही."

तिने तोंड फिरवलं. अगदी माझ्यासारखं. मला तिचा राग यायला हवा होता, पण कुठल्या तोंडाने राग करू? मी बाकाशी जमिनीवर बसले. ओदिलोनचा हात गार, घामेजलेला. त्याने डोळे उघडले, मला शोधलं. ओठ हलले.

मी वाकले. त्याने श्वास सोडला, अर्धाच. मी वास घेतला. रक्ताचा, लोखंडासारखा, आणि त्याखाली सकाळच्या ताज्या रसाचा, गोड, कोवळा. दुसरा कसलाही नाही.

"नाही आहे," मी म्हटलं. "नाही घेतलीस तू. मला कळलं, राजा. मला कळलं."

त्याने ऐकलं की नाही, सांगता येत नाही. मला वाटतं ऐकलं. मला तसं वाटून घ्यावं लागतं. मग त्याला पुन्हा उलटी झाली, फरशीभर, आणि तेव्हा ती नर्स ओरडली, डॉक्टर धावले, त्याला आत नेलं. नळी घातली, फुटलेली शीर आतून दाबून धरायला फुगा घातला, रक्त चढवलं. तासाभराने एक डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर." मी म्हटलं, "हो." त्यांना वाटलं मी रस्त्याचं म्हणतेय.

दुसऱ्या दिवशी गावात सान मिगेलची पालखी निघाली, फटाके झाले, बँड वाजला, आणि आमच्या अंगणात ओदिलोन पेटीत होता. लोक जत्रेचे कपडे घालूनच भेटायला आले. कोणीतरी हळूच म्हणालं, शेवटी दारूनेच नेलं. मी उठून त्या बाईला फाटकापर्यंत सोडून आले. परत तिने पाऊल टाकलं नाही.

नवव्या दिवसाची प्रार्थना संपल्यावर मी कार्ड घेऊन पाद्रीबाबांकडे गेले. लाल डाग वाळून तपकिरी झाला होता, मातेचा चेहरा तेवढा वाचला होता. पाद्रीबाबांनी वही काढली. "मिसेपर्यंतची मुदत होती," ते म्हणाले, "आणि तो आदल्या दिवशी गेला. एक दिवस कमी पडतो, एर्मेलिंदा. पण मी पूर्ण धरतो."

"कमी पडला तो माझ्याकडून," मी म्हटलं. "त्याच्याकडून नाही."

त्यांना ते कळलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. ओदिलोनचं नाव, मुदत, आणि पुढे साक्षीदाराची रिकामी जागा. तीनशे चौसष्ट संध्याकाळी मी वास घेतला होता. सही करणार नाही, हे त्याने माझ्या तोंडून नक्की ऐकलेलं शेवटचं वाक्य. मी पेन घेतलं. पाद्रीबाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "साक्षीदार, शपथ पाळली का?"

"पाळली," मी म्हटलं, आणि सही केली.